जुन्या मशीनला तेल, मेंदूला काम

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की वर्धा जिल्ह्यातल्या कित्येक घरांत कोठीच्या कोपऱ्यातून एक जड वस्तू बाहेर ओढली जाते. वर जुन्या साडीचे झाकण, खाली बिडाचे पाय, काळ्या रंगावर पुसट झालेली सोनेरी वेलबुट्टी. आजीचे शिलाई मशीन! हातचाक फिरवून पाहिले, तर ते जागचे हलत नाही. मग घरात दोन मते पडतात. एकाला वाटते, भंगारात देऊन जागा मोकळी करावी. दुसरा म्हणतो, राहू द्या, आठवण आहे. शेवटी मशीन पुसून पुन्हा कोपऱ्यात जाते.

तिसरा मार्गही आहे. मशीन दुरुस्त करायचे आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून त्यावर हिवाळ्यासाठी एक गोधडी शिवायची. वरवर पाहता ही हौस वाटेल. पण उतारवयातली स्मरणशक्ती, एकटेपणा, अधू होणारी नजर या सगळ्यांशी या कामाचा संबंध आहे. गोधडी शिवण्याचा स्मृतीवर काय परिणाम होतो, याचा तर संशोधकांनी रीतसर प्रयोगच केला आहे.

गांधीजींचा अपवाद

वर्धा म्हटले की चरखा आठवतो. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी मात्र एका यंत्राला मनापासून सूट दिली होती, ते म्हणजे शिलाई मशीन. ‘यंग इंडिया’च्या नोव्हेंबर 1924च्या अंकात आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनची गणना मोजक्या उपयुक्त शोधांमध्ये केली. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत, म्हणून प्रेमापोटी त्याने हे यंत्र बनवले, अशी गोष्टही त्यांनी सांगितली. इतिहास थोडा वेगळा आहे. आयझॅक सिंगर हा पक्का व्यावसायिक होता. बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनमधले दोष पाहून त्याने आपले मशीन घडवले आणि 1851मध्ये त्याचे पेटंट घेतले. पण गांधीजींचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. जे यंत्र माणसाला बाजूला न सारता त्याचे कष्ट हलके करते, ते त्यांना हवे होते.

पुढे 1934मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, 1936मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले आणि 1938मध्ये मगन संग्रहालय उघडले. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, हा तिचा गाभा. हात कामाला लागले की डोकेही कामाला लागते, हे त्या मांडणीत गृहीत होते. आज मेंदूचा अभ्यास करणारे त्याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आले आहेत.

टाका पडतो कसा?

दुरुस्तीला हात घालण्याआधी मशीन काय करते, हे समजून घेतले तर निम्मे काम सोपे होते. हाताच्या सुईचे भोक मागच्या बाजूला असते. मशीनच्या सुईचे टोकाजवळ. अमेरिकेतल्या एलायस हाऊने 1846मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये ही टोकाला भोक असलेली सुई आणि खालून धाव घेणारे शटल एकत्र आले होते. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर येते. त्या क्षणी दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. शटलचे टोक तो फासा पकडते, बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते आणि वरचा दोरा खेचला जाऊन टाका घट्ट बसतो. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध पडली तर टाका बरोबर. खालचा दोरा वर डोकावत असेल तर वरचे टेन्शन जास्त आहे. वरचा दोरा खाली लोंबत असेल तर ते कमी आहे, किंवा दोरा नीट ओवलेलाच नाही.

भारतातल्या घराघरांतली काळी मशीन बहुतांशी सिंगरच्या ‘15’ क्रमांकाच्या रचनेवर बेतलेली आहेत. 1930च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ची निर्मिती सुरू झाली, पुढे लुधियानात मशीन आणि सुट्या भागांचा मोठा उद्योग उभा राहिला. त्यामुळे या रचनेच्या सुया, बॉबिन, शटल, पट्टे आजही सहज मिळतात. पन्नास-साठ वर्षांचे मशीन चालू करणे शक्य होते, ते यामुळेच.

अडकलेले चाक मोकळे करताना

बंद पडलेले मशीन बहुतेक वेळा मोडलेले नसते, चिकटलेले असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्याचा पिवळसर, डिंकासारखा थर बनतो. त्यात कापडाचा भुगा आणि धूळ मिसळली की सांधे जाम होतात. घरात मशीनसाठी खायचे तेल वापरले गेले असेल तर हा थर आणखी चिवट असतो. खोबरेल तेल घातले असेल तर वेगळीच गंमत होते. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. म्हणजे मे महिन्यात सुरळीत चालणारे मशीन डिसेंबरच्या पहाटे हटून बसते.

उपाय सोपा आहे, पण घाईचा नाही. सुई, बॉबिन आणि शटल काढून ठेवावे. दात्यांवरची पट्टी उघडली की खाली भुग्याचा अक्षरशः नमदा सापडतो. तो ब्रशने काढावा. प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोन-चार थेंब सोडून एक रात्र थांबावे. दुसऱ्या दिवशी हातचाक हलकेच मागे-पुढे करावे, जोर लावू नये. सांधे सुटले की कापडाने रॉकेल पूर्ण पुसून तिथे मशीनचे पातळ, रंगहीन तेल घालावे. सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट किंवा थिनर लावू नये. वरचे जुने पॉलिश त्यात विरघळते आणि नक्षीही जाते. तिथे मऊ कापडावर मशीनचेच तेल पुरते.

हे काम खिडकी उघडी ठेवून, शेगडी-दिव्यापासून दूर करावे. रॉकेलने त्वचा कोरडी पडते, म्हणून हातमोजे घालावेत. घरात लहान मूल असेल तर रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. पाणी समजून ते पिणे आणि फुप्फुसाला इजा होणे, हे अपघात आपल्याकडे नवे नाहीत. मशीनला नंतर मोटर जोडलेली असेल तर जुन्या वायरीचे वेष्टन तडकलेले असू शकते. ती आधी वायरमनकडून बदलून घ्यावी आणि सुई बदलताना प्लग काढावाच.

गोधडीची ऊब येते कुठून?

वर्धा खोरे कापसाचे. एकेकाळी ‘हिंगणघाट’ हे देशी कापसाच्या नामांकित वाणाचे नाव होते. अशा मुलखात वापरून मऊ झालेल्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या न शिवल्या जात्या, तरच नवल.

गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. ती अंगाची उष्णता अडवते. अडवते कापड कमी, थरांमधली स्थिर हवा जास्त. हवेतून उष्णता पाण्याच्या तुलनेत वीसेक पटींनी हळू वाहते. धावदोरा घालून आपण हे थर एकत्र बांधतो, म्हणजे ते सरकत नाहीत आणि हवेचे कप्पे टिकतात. पण टाके फार दाट घातले तर थर दाबले जातात, हवा कमी होते आणि ऊबही. सुती गोधडी ओलसर झाली तरी हेच होते, कारण हवेची जागा पाणी घेते. अधूनमधून तिला ऊन दाखवण्याची पद्धत यासाठी योग्यच आहे.

जाड थरांवर मशीन चालवताना 16 किंवा 18 नंबरची सुई आणि लांब टाका ठेवावा. तरीही पाच-सहा थर एकदम रेटले तर सुई मोडते आणि तिचा तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. म्हणून जोडकाम मशीनवर आणि धावदोरा हाताने, ही वाटणी चांगली. त्यात घरातल्या प्रत्येकाला काम मिळते.

जुने कपडे वापरण्यापूर्वी ते कडक गरम पाण्यात धुवावेत. साधारण 60 अंशांच्या पाण्यात धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांचाच त्रास होतो. आणखी एक काळजी तान्ह्या बाळांसाठी. पेटीतल्या कपड्यांना डांबर गोळ्यांचा वास असतो. त्यातले नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. ज्या बाळांमध्ये ‘जी-6-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी यामुळे फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसते. म्हणून असे कपडे बाळाच्या दुपट्या-गोधडीसाठी वापरूच नयेत. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना तोंडावर येईल अशी सैल, जड गोधडीही घालू नये.

प्रयोगात काय दिसले?

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातील डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 60 ते 90 वर्षांच्या 221 जणांना त्यांनी वेगवेगळ्या गटांत विभागले. काहींना गोधडीकाम शिकवले, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. एक गट नुसता एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ यांत रमला; एकाने घरी बसून सोपी कोडी आणि संगीत यांत वेळ घालवला. शिकणारे आठवड्याला सरासरी 15 तासांहून अधिक वेळ देत होते, आणि हे तीन महिने चालले.

नवे आणि अवघड काहीतरी शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती, नुसत्या गप्पा मारणाऱ्या किंवा सोपी कामे करणाऱ्या गटांपेक्षा सुधारली. मात्र सर्वात ठळक फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांत दिसला. फक्त गोधडी शिवणाऱ्यांचा त्या मानाने फिका होता. म्हणजे गोधडीत जादू नाही. मेंदूला ताण देणारे नवे शिक्षण ही खरी गोष्ट.

इथेच आजीच्या मशीनचा उपयोग कळतो. जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तिला आणखी एक गोधडी शिवून समाधान मिळेल, मन शांत होईल. पण तिच्या मेंदूला नवे काही मिळणार नाही. तिच्यासाठी नवे आहे ते मशीन उघडणे, शटल वेगळे करणे, टेन्शनचे गणित समजून घेणे. नातवाला स्क्रू-ड्रायव्हर येतो, पण सरळ धावदोरा येत नाही. त्याच्यासाठी नवे आहे ते शिवणे. कामे अदलाबदल केली की दोघेही विद्यार्थी होतात. निवृत्त आजोबांनाही सुईत दोरा ओवायला शिकण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र मोठे दावे टाळलेले बरे. एका गोधडीने तो टळत नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगे 14 धोके मांडले. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे यांच्याबरोबरच उपचार न केलेली अधू नजर आणि एकटेपणा हेही आहेत. शेवटच्या दोहोंची गाठ शिवणकामाशी थेट पडते.

दोरा ओवता येत नाही तेव्हा

सुईत दोरा ओवता येईना, की आजी म्हणते, आता आपल्याच्याने होत नाही. घरचेही मान डोलावतात. खरे तर चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होतेच, आणि त्याला चष्मा आहे. साठीनंतर मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया आहे. दोरा न ओवता येणे ही डोळे तपासण्याची सूचना आहे, काम सोडण्याची नव्हे.

बसताना कोपर काटकोनात राहील इतकी खुर्ची उंच असावी, म्हणजे मान आणि खांदे आखडत नाहीत. उजेड सुईवर पडावा, डोळ्यांवर नव्हे. दर 20-25 मिनिटांनी उठून दूर पाहावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी पायडल मारू नये. बिडाच्या कडेने झालेली जखम कळतही नाही. काम संपले की सुया आणि टाचण्या मोजून डबीत ठेवाव्यात. गंजकी सुई खोल टोचली तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. रोज पायडल मारणे म्हणजे चालण्याचा व्यायाम नव्हे. फिरायला जाणे चालूच ठेवावे.

यंदाची थंडी यायला वेळ असेल, तर सुरुवात लहान करावी. पहिल्या रविवारी फक्त भुगा काढणे आणि रॉकेलचे थेंब. दुसऱ्या रविवारी तेल आणि नवा पट्टा. तिसऱ्या रविवारी जुन्या कापडाच्या तुकड्यावर सरळ टाका पडतो का, ते पाहणे. तो पडला, की आजीला विचारावे, कोणते लुगडे कुठे लावायचे. उत्तरादाखल ते लुगडे कधी घेतले, कुणाच्या लग्नात नेसले, हेही ऐकायला मिळेल.