नोंदवहीच्या पलीकडे

भिवंडीतल्या यंत्रमागांना रात्र आणि दिवस यांतला फरक ठाऊक नाही. बारा तासांची पाळी संपवून एक कामगार खोलीवर येतो, तेव्हा त्याच जागेवर झोपलेला दुसरा उठून मागावर निघतो. एका खोलीतल्या या दोन पाळ्या सर्वेक्षणाच्या कागदावर उतरवायच्या कशा? दुपारी दार ठोठावले तर निम्मी माणसे कामावर, निम्मी झोपेत. कुणी उर्दू बोलतो, कुणी भोजपुरी, कुणी तेलुगू. अशा शहरात आरोग्याचा अभ्यास करायला निघालेल्या तरुण परिचारिकेला पाठ्यपुस्तक फार दूरवर नेत नाही. कुणी तरी जाणते माणूस तिच्याबरोबर हिंडावे लागते.

आपल्याकडे नेमकी याचीच वानवा आहे. नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध असतो. पण त्याची रीत बहुधा ठरलेली: एक प्रश्नावली, एक व्याख्यान, पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढल्याचे दिसते, प्रबंध बांधला जातो आणि कपाटात जातो. दोष त्या मुलीचा नाही. ‘हा प्रश्न तुला का पडला?’ असे तिला कुणी विचारलेलेच नसते.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. औषधे निदान सहा महिने घ्यावी लागतात. भिवंडीतला कामगार मध्येच उत्तर प्रदेश-बिहारातल्या किंवा तेलंगणातल्या आपल्या गावी जातो. नोंदवहीत शेरा पडतो, ‘उपचार सोडला’. चांगला मार्गदर्शक इथेच अडवील. सोडला, की गावाकडे चालू ठेवला? जाताना त्याच्या हाती चिठ्ठी कुणी दिली होती का? संशोधन सुरू होते ते इथून. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगाव या पट्ट्यात गोवराची साथ आली, तेव्हाही कळीचा प्रश्न हाच होता की यादीत नसलेली मुले कोण मोजणार? त्या मुलांची घरे गल्लीतल्या आशा सेविकेला माहीत असतात. पण संशोधक म्हणून तिला कोण विचारतो?

परिचारिकेने आकडे हाती घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे आकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आकृत्यांतून मांडले आणि सरकारला हलवले. त्या कामी तिच्यामागे विल्यम फार हा संख्याशास्त्रज्ञ उभा होता, हे मात्र आपण विसरतो.

महाराष्ट्रातही अशी एक परंपरा आहे. मसुरीजवळच्या लंढौरला जन्मलेले डॉ. कार्ल टेलर यांनी पंजाबातील नारंगवाल येथे सहायक परिचारिकांकरवी मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करून दाखवले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांच्या हाताखाली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे शिकले व १९७० मध्ये जामखेडला परतले. डॉ. अभय आणि राणी बंगही तिथूनच शिकून गडचिरोलीत आले. बंग दांपत्याने गावातल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी शिकवली. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गुरूने शिष्याला, शिष्याने खेड्यातल्या बाईला मोजायला शिकवले, त्याचे हे फळ.

मग भिवंडीत हे का होऊ नये? जामखेड, गडचिरोली ही खेडी. तिथे घर हलत नाही, माणूस ओळखीचा. भिवंडीत माणूसच हलता. म्हणून तर इथे मार्गदर्शकाची गरज अधिक. त्याला मोठा निधी लागत नाही. मार्गदर्शकाने आठवड्यातून एक दिवस विद्यार्थिनीसोबत वस्तीत जावे, रात्रपाळी सुटण्याच्या वेळी चहाच्या टपरीवर उभे राहावे. आशा सेविकेने माहिती गोळा केली असेल तर लेखात तिचे नाव यावे. निष्कर्ष आधी त्या मोहल्ल्यात वाचून दाखवावेत, मग परिषदेत. आणि पहिला निबंध नाकारला गेला, तर ‘पुन्हा लिही’ म्हणणारे कुणी जवळ असावे.

हे होत नाही तोवर हुशार मुली पदवी घेतील आणि वॉर्डाच्या ड्यूटीत किंवा परदेशच्या नोकरीत विरून जातील. त्यांना दोष कसा द्यावा? खोकणारा कामगार मात्र नोंदवहीतल्या ‘उपचार सोडला’ या दोन शब्दांतच राहील.