चीक आधी कुणाचा?

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात संकरित गाय व्याली, की काही गोठ्यांत वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. आधी पाजला तर वार अडकते, असा समज. शरीरशास्त्र उलट सांगते: वासराने आचळ ओढले की ऑक्सिटोसिन स्रवते, गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. शिवाय वाट पाहण्यात गेलेले तास भरून निघत नाहीत. माणसाच्या बाळाला आईची प्रतिद्रव्ये वारेतूनच मिळतात; गाय आणि डुकरीण यांच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. चिकातून ती मिळतात, आतड्यातून थेट रक्तात शिरतात. पण ही वाट अरुंद होत होत सुमारे 24 तासांत बंद होते.

मग दुसऱ्या दिवशीचा चीक वाया? नाही. तो आतड्यातच राहून जंतूंना भिंतीला चिकटू देत नाही. डुकराच्या पिल्लात हे ठळक दिसते. आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये त्याचे आतडे राखतात. स्वतःची पुरेशी व्हायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध तोडले, की नेमकी त्या पोकळीत हगवण गाठते. राहिला खरवस. संकरित गाय सहसा वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते, तेव्हा तक्रार खरवसाबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. 30 किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत सुमारे 3 लिटर चीक हवा. उरलेला वेलची घालून खुशाल वाफवावा. फक्त तो पहिल्या पिळणीचा नसावा, कारण प्रतिद्रव्ये सर्वांत दाट असतात ती त्यातच.