लवणता आणि प्राणवायूविरहित गाळातील सूक्ष्मजीव

जबलपूर ही तलावांची नगरी म्हणून ओळखली जाते. आधारताल, राणीताल, चेरीताल ही गोंड राजवटीची आठवण देणारी नावे तेथील वस्त्यांना आजही आहेत. अशा गोड्या पाण्याच्या तलावाचा तळ ढवळला, की बुडबुडे वर येतात. त्यांत प्रामुख्याने मिथेन असतो. कोकणातील खाडीचा चिखल ढवळला, तर मात्र हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. दोन्ही गाळांत प्राणवायू नसतो आणि दोन्हींत पालापाचोळा कुजत असतो. फरक घडवते ती पाण्याची लवणता.

ऊर्जेची उतरंड

प्राणवायू संपल्यावर सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांच्या विघटनासाठी क्रमाने नायट्रेट, मँगेनीज व लोहाची ऑक्साइडे, सल्फेट आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड यांचा वापर करतात. प्रत्येक पायरीवर मिळणारी ऊर्जा घटत जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असून त्यांपैकी सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. त्यामुळे तेथे सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन व ॲसिटेट आधीच फस्त करतात. गोड्या पाण्यात सल्फेट अत्यल्प असल्याने हेच अन्न मिथेनजनक आर्कियांच्या वाट्याला येते.

दुसरे कारण परासरणाचे आहे. खारट पाणी पेशीतील पाणी बाहेर खेचते. ते रोखण्यासाठी पेशीला ग्लायसीन बीटेनसारखी द्रव्ये किंवा पोटॅशियम साठवावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. ॲसिटेटपासून मिथेन तयार करणाऱ्यांची मिळकत इतकी तुटपुंजी असते, की अतिखारट गाळात त्यांना हा खर्च पेलत नाही.

लोणारचे उदाहरण

मग खारट गाळातून मिथेन निघतच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात सापडते. उल्काघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्यातील पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात येथील गाळात मिथेनोलोबस हे आर्किया सक्रिय असल्याचे आढळले. ते मिथेनॉल व मिथिलअमाइन यांपासून मिथेन तयार करतात. सल्फेट वापरणारे जीवाणू या संयुगांसाठी सहसा स्पर्धा करीत नाहीत. विशेष म्हणजे ग्लायसीन बीटेनच्या विघटनातूनही ट्रायमिथिलअमाइन मिळते. म्हणजे लवणापासून रक्षण करणारे द्रव्यच पुढे मिथेनचा कच्चा माल ठरते.

नियोजनाच्या दृष्टीने महत्त्व

शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार करता मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. खाडीवर बांध घालून भरतीचे पाणी अडविले व आतील जमीन गोड्या पाण्याखाली राहिली, तर सल्फेट घटून मिथेन वाढू शकतो. तलावात सांडपाणी सोडल्यास कुजणाऱ्या पदार्थांची भर पडून तोच परिणाम होतो. २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभलेल्या लोणारमध्ये तर गोड्या पाण्याची आवक वाढल्यास तेथील वैशिष्ट्यपूर्ण सूक्ष्मजीवसृष्टीच धोक्यात येईल. म्हणूनच पाणथळ जागांच्या संवर्धनात पाण्याच्या साठ्याबरोबरच त्याच्या लवणतेवरही लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.