अपघातदायित्व, मोटार व सायकल यांच्या टकरीतील

मोटारगाडी आणि सायकल यांची टक्कर होऊन मृत्यू, इजा वा वित्तहानी झाली असता दोष कोणाचा आणि नुकसान कोणी सोसावयाचे, हे ठरविणारी विधितत्त्वे. हा विषय मुख्यत्वे अपकृत्यविधीत मोडतो. दोष आणि दायित्व हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात. परंतु विधीच्या दृष्टीने दोष नसतानाही दायित्व येऊ शकते आणि स्वतःचा काही दोष असूनही जखमी व्यक्ती भरपाईस पात्र ठरू शकते. टकरीत मोटारचालकाभोवती पोलादी सांगाडा असतो, तर सायकलस्वाराचे शरीर उघडे असते. चूक कोणाचीही असली, तरी जबर इजा बहुधा सायकलस्वारासच होते. या विषमतेमुळे केवळ दोषावर आधारलेले नियम अपुरे ठरत गेले.

ऐतिहासिक विकास : इंग्लंडच्या कॉमन लॉनुसार वादीची स्वतःची हयगय अपघातास कारणीभूत झाली असल्यास त्याचा दावा समूळ फेटाळला जाई. बटरफील्ड वि. फॉरेस्टर (१८०९) या दाव्यात प्रतिवादीने रस्त्यात आडवा खांब टाकला होता; पण वादी भरधाव घोडा दौडवीत असल्यामुळे त्यास काहीच मिळाले नाही. डेव्हिस वि. मान (१८४२) या दाव्यात पुढील पाय बांधून रस्त्यावर सोडलेले गाढव भरधाव घोडागाडीखाली सापडून मेले. मालकाची चूक असूनही अपघात टाळण्याची अखेरची संधी गाडीवानास होती, म्हणून भरपाई मान्य झाली. या दोन्ही नियमांत नुकसान सर्वस्वी एकाच पक्षावर पडे. १९४५ च्या अधिनियमाने तेथे वादीच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली. भारतात तसा स्वतंत्र केंद्रीय अधिनियम नाही. तथापि न्यायालये न्यायबुद्धीने तेच तत्त्व लावतात. वादीच्या अशा दोषास अंशदायी हयगय म्हणतात.

भारतीय विधी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. मोटारचालकाची हयगय अर्जदाराने सिद्ध करावयाची असते. मात्र फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे झुकले म्हणजे पुरे. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला, तरी भरपाईचा दावा आपोआप निकालात निघत नाही. सायकलस्वार मृत झाल्यास त्याची बाजू सांगणारा बहुधा कोणी उरत नाही. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा, टायरांच्या खुणा, वाहनांवरील आघाताची जागा आणि त्रयस्थाची साक्ष यांना विशेष महत्त्व येते.

सायकलस्वारही नियमांपासून मुक्त नाही. सिग्नल मोडणे, उलट दिशेने येणे, अंधारात दिव्याविना जाणे, इशारा न देता वळणे ही त्याची हयगय ठरू शकते. मात्र नियमभंग आणि टक्कर यांत कार्यकारणसंबंध असावा लागतो. भर दुपारी मागून धडक बसली असल्यास सायकलीस दिवा नव्हता, हा बचाव निरर्थक होय. बृहन्मुंबई महानगरपालिकेविरुद्धच्या एका दाव्यात (२००३) वाहतूक नियम मोडून मुख्य रस्त्यावर आलेला सायकलस्वार बसच्या टकरीत मृत झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोषाचा वाटा २५ टक्के ठरविला.

दोषनिरपेक्ष दायित्व : १९८२ मध्ये जुन्या १९३९ च्या अधिनियमात दुरुस्ती होऊन, दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल १५,००० रु. व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रु. देण्याची तरतूद झाली. निरपराध पादचारी मोटारीखाली सापडल्यास, चालकाची हयगय असो वा नसो, भरपाई मिळणे हे सामाजिक न्यायास धरून आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नोंदविले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, कलम १६४ खाली या रकमा मृत्यूबद्दल पाच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रु. आहेत. ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. म्हणजे अधिक भरपाई हवी असल्यास दोषाचा वाद टाळता येत नाही.

अन्य देश : जर्मनीत १९०९ पासून मोटार चालविणे हाच धोका मानून वाहनधारकावर दायित्व टाकण्यात आले आहे, दहा वर्षांखालील मुलांचा दोष मोटार अपघातांत सामान्यतः धरला जात नाही. शिरस्त्राण नसणे ही सामान्य सायकलस्वाराची अंशदायी हयगय नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. फ्रान्समधील १९८५ च्या कायद्यानुसार सायकलस्वाराच्या शारीरिक हानीची भरपाई, त्याची अक्षम्य चूक हेच अपघाताचे एकमेव कारण असल्याखेरीज, नाकारता येत नाही. सोळा वर्षांखालील व सत्तर वर्षांवरील व्यक्तींना याहून अधिक संरक्षण आहे. नेदर्लंड्समध्ये चौदा वर्षांखालील सायकलस्वारास पूर्ण, तर त्यावरील वयाच्या सायकलस्वारास किमान निम्मी भरपाई मिळते. जाणूनबुजून वा त्यासारख्या बेफिकिरीने केलेले कृत्य आणि अपघात चालकास सर्वस्वी अटळ असणे, हे अपवाद होत. मोटारचालक तेथे नेहमीच दोषी धरला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. हा नियम भरपाईपुरता असून शिक्षेसाठी दोष स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

विम्याचे स्थान : मोटारमालकास त्रयस्थ व्यक्तींच्या हानीसाठी विमा सक्तीचा असल्याने भरपाईचा भार हप्त्यांच्या रूपाने सर्व वाहनधारकांत विभागला जातो. सायकलस्वारास भारतात अशी सक्ती नाही. त्याच्या चुकीने दुसऱ्याची हानी झाल्यास ती त्यालाच भरून द्यावी लागते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास कलम १६१ खाली मृत्यूबद्दल दोन लाख व जबर दुखापतीबद्दल पन्नास हजार रु. मिळू शकतात.