दिसतंय म्हटल्यावर

सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या दक्षिणेला, सॅन मटेओच्या खाडीकाठी कोयोटी पॉइंट नावाची बाग आहे. लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसायचो. आमच्या आर्वीत विमान म्हणजे आकाशात फार उंचावरून सरकणारी पांढरी रेघ. इथे ते चाकं खाली सोडून समोरून उतरत होतं, आणि तेही जोडीनं.

आग्नेयेला, सॅन मटेओच्या लांब पुलाच्या वर, आधी दोन दिवे दिसायचे. जवळ येता येता ते वेगळे व्हायचे आणि दोन विमानं खाडीच्या पाण्यावरून जवळजवळ बरोबरीनं उतरू लागायची. धावपट्ट्यांची नावं २८ लेफ्ट आणि २८ राइट. त्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर ७५० फूट, म्हणजे सुमारे २३० मीटर. मोठ्या बोइंग ७७७च्या पंखांचा पसारा जवळपास ६५ मीटर असतो. दोघांच्या मध्ये किती जागा उरते, याचा हिशेब त्यावरून करावा.

जावयांकडे विमानांचं बोलणं ऐकायचा छोटा रेडिओ होता. तो कानाशी धरल्यावर समोरच्या दृश्याचा अर्थ लागू लागला. रडारवरचा नियंत्रक एरवी दोन विमानांत तीन सागरी मैलांचं किंवा उंचीत हजार फुटांचं अंतर राखतो. हवा स्वच्छ असली की तो वैमानिकाला शेजारचं विमान कुठे आहे ते सांगतो आणि दिसतंय का, विचारतो. वैमानिक ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणाला की नजरेनं अंतर राखून उतरायची परवानगी मिळते. त्या तीन शब्दांनी मोठी अदलाबदल होते. दोघांना वेगळं ठेवण्याचं काम रडारकडून कॉकपिटच्या काचेमागच्या डोळ्यांकडे जातं.

पूर्व विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दोन जोड्या शेजारी सुटतात, तेव्हा धुरकऱ्याचं अर्धं लक्ष शेजारच्या जोडीवर असतं. पण तिथे पुढे काढायचं असतं. इथे मागच्यानं पुढे जायचं नाही, कारण पुढच्याला मागचा दिसत नाही. शिवाय जड विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे सुटतात आणि आडव्या वाऱ्यानं ते शेजारच्या वाटेवर येऊ शकतात.

सगळ्यात नाजूक जागा वळणाची. एक विमान एका बाजूनं येऊन आपल्या रेषेवर वळतं, दुसरं दुसऱ्या बाजूनं. काही क्षण दोघांची तोंडं एकमेकांकडे असतात. एकाचं वळण जरा मोठं झालं, रेष ओलांडली गेली, की ते थेट दुसऱ्याच्या वाटेत येतं. धडक टाळणारं टीकॅस हे यंत्र अशा वेळी ओरडू शकतं, कारण समोरचा आता वळणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. आहे त्याच चालीवरून ते पुढचा अंदाज बांधतं. आदेशही फक्त वर जा किंवा खाली जा एवढाच. वर जाण्याचा आला तर उतरणं सोडून द्यावं लागतं. हरियाणात चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर भारतानं हे यंत्र सक्तीचं केलं. पण जमिनीपासून हजारेक फुटांच्या खाली तेही असे आदेश देत नाही. तिथून पुढे भिस्त मुख्यतः नजरेवर.

आणि नजर फसते. ७ जुलै २०१७च्या रात्री याच विमानतळावर २८ लेफ्ट बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. टोरंटोहून आलेल्या एअर कॅनडाच्या वैमानिकांना २८ राइटवर उतरायचं होतं. शेजारी शेजारी दोन पट्ट्या असणार, हे मनात पक्कं. म्हणून २८ राइट त्यांना डावी पट्टी वाटली आणि तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे धावपट्टी वाटला. त्या टॅक्सीवेवर चार भरलेली विमानं उड्डाणाची वाट पाहत उभी होती. विमान सुमारे साठ फुटांपर्यंत खाली आलं आणि मग वर उचललं गेलं. खात्री करून घ्यायला आयएलएसची, म्हणजे रेडिओ-लहरींनी धावपट्टीची रेष दाखवणाऱ्या यंत्रणेची, फ्रिक्वेन्सी लावायची होती, ती लावलेली नव्हती. पुढे नियम बदलला: रात्री शेजारची पट्टी बंद असेल तर नुसत्या नजरेनं उतरायचं नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये इथेच म्युनिकहून आलेल्या लुफ्तान्साच्या वैमानिकानं रात्री नजरेनं अंतर राखायला नकार दिला; कंपनीचा तसा नियमच होता. त्यानं आयएलएस मागितलं. रांगेत जागा मिळेना, आणि शेवटी विमान खाडीपलीकडे ओकलंडला न्यावं लागलं. मला या दोन घटना एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात. पहिल्यात धावपट्टी दिसते आहे असं वाटलं, तिथे मोठा अनर्थ थोडक्यात टळला. दुसऱ्यात नियमाला धरून नकार दिला, त्याची किंमत नकार देणाऱ्यानं आणि त्याच्या प्रवाशांनी मोजली.

सकाळी खाडीवर ढग खाली उतरले की जोड्या मोडायच्या. विमानं अंतर ठेवून मागेपुढे यायची, उतरणाऱ्यांची संख्या घटायची, उशीर वाढायचा. प्रवासी कुरकुरायचे. पण त्या उशिरातच खरी खबरदारी असते.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाला. त्याच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, एकमेकींपासून १५५० मीटरवर. आयएलएसवर दोन्हींकडे स्वतंत्रपणे उतरता यावं यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान १०३५ मीटर लागतात. म्हणजे इथे अंतर जमिनीवरच आखून ठेवलं आहे. ते दर वेळी कुणाच्या डोळ्यांनी जपावं लागणार नाही. विमानतळ बांधायचा तर असाच. आणि जिथे जुन्या पट्ट्या जवळ आहेत, तिथे ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाला रांगेत हक्काची जागा असली पाहिजे. ती नसेल तर कधीतरी कुणीतरी नीट न दिसताही ‘दिसतंय’ म्हणेल.