भात खाल्ला मुंबईने, वायू कुणाच्या नावावर?

करी रोडच्या गिरण्यांची धुरांडी कधीच थंडावली. मग इथल्या चाळींमुळे आणि टॉवरमुळे पृथ्वी तापतच नसेल का? आपल्या ताटातला भातच बघा ना!

भातशेती म्हटली की खाचरात साठलेलं पाणी आलंच. पाण्याखालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथले सूक्ष्म जीव कुजका पालापाचोळा खातात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर एक किलो मिथेन हा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता वाढवतो!

आता गंमत पाहा. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ या वर्षी शहरामुळे किती वायू हवेत गेले, ते मांडलंय : सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातले ७२ टक्के वीज आणि इंधनाचे, २० टक्के वाहतुकीचे, ८ टक्के कचऱ्याचे. झाले की शंभर! भाताला जागाच उरली नाही. ही लबाडी नव्हे बरं का. शेतीचा वायू जिथे निघतो तिथेच मोजायचा, अशी रीत आहे. म्हणजे तांदूळ भंडारा-गोंदियाचा असो की वाड्याचा कोलम, वायू लागतो त्या गावाच्याच नावावर.

गिरणगावातल्या खाणावळींचा नियम निराळा होता. जेवेल त्याने पगाराला पैसे चुकते करायचे. रांधणाऱ्या बाईकडे कोण पैसे मागेल?

असाच वाद जगातही झालाय. १९९० साली अमेरिकेतल्या एका संस्थेने भातशेती आणि गुरांचा मिथेन मोजून भारताला मोठ्या दोषींच्या यादीत बसवलं. दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिलं. पोटासाठी पिकवलेला भात आणि चैनीची मोटार एकाच तराजूत तोलू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर उपाय आहे. खाचर काही दिवस सुकू द्यायचं, मग पुन्हा भरायचं. मिथेन तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त कमी होऊ शकतो. पण मग तण माजतं, निंदणीची मजुरी वाढते, आणि वेळेवर पाणी मिळालं नाही तर पीकच हातचं जातं. फायदा साऱ्या जगाचा, जोखीम मात्र एकट्या शेतकऱ्याची! म्हणून खाणाऱ्यांनीही त्यात वाटा उचलायला हवा. तांदूळ महाग केला, तर चाळीतल्या गरीब घरालाही झळ बसेल. त्यापेक्षा ज्याची कमाई जास्त, त्याच्या करातून कालव्याचा आणि निंदणीचा खर्च भागवणं बरं, नाही का?

या रविवारी वाण्याला विचारा, आपला तांदूळ कुठून येतो? मग आई-बाबांबरोबर बसून ठरवा : त्या गावाने खाचर सुकवायची जोखीम घेतली, तर आपल्या घराने किती रुपयांचा वाटा उचलावा?