दोन दिवसांची राजधानी

आपल्या सीमाभागातील घरांतून परदेशवारी ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस संगणकाच्या नोकरीत लागतो, पुढे लंडनला अथवा बर्लिनला जातो, आणि मग भालकी-औरादकडील आईवडील महिनाभर त्याच्याकडे राहून, मधल्या शनिवार-रविवारी पॅरिस पाहून येतात. परतल्यावर मोबाईलमधील चारशे छायाचित्रे आल्यागेल्यास दाखविण्याचा सोहळा होतो. आयफेल मनोऱ्यापुढे आई, नदीच्या पुलावर बाबा, वस्तुसंग्रहालयाच्या दारात दोघेही. या हौसेत गैर काहीच नाही. मात्र ती चित्रे पाहताना एक प्रश्न मनात येतो. ज्या मुलाने परक्या राजधानीची चारशे चित्रे टिपली, त्याच्यापाशी स्वतःच्या जिल्ह्याच्या गावाचे, एके काळच्या दख्खनच्या राजधानीचे, एक तरी मनापासून घेतलेले छायाचित्र आहे काय?

राजधानी आणि छायाचित्र यांचे नाते फार जुने आहे. १८३८ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत. त्यामुळे रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्या, घोडे आणि पादचारी यांचा मागमूसही त्यात राहिला नाही. एका कोपऱ्यात बूट पुसून घेण्यासाठी स्थिर उभा असलेला एक अनामिक माणूस तेवढा उमटला. पुढे १८६० च्या सुमारास पॅरिसचे जुने बोळ पाडून रुंद रस्ते होऊ लागले, तेव्हा मार्व्हिल नावाच्या छायाचित्रकाराकडे ते बोळ पाडण्यापूर्वी टिपून ठेवण्याचे काम सोपविण्यात आले. त्यानंतर आत्जे या गृहस्थाने आयुष्याची तीसेक वर्षे जुन्या पॅरिसची दारे, जिने, दुकाने आणि अंगणे टिपण्यात घालविली. आज पॅरिसकरांस आपल्या पणजोबांचे गाव डोळ्यांनी पाहता येते, ते अशा माणसांमुळे. त्यांनी केवळ देखणे तेवढेच टिपले नाही. जे उद्या नसेल, ते त्यांनी आज टिपले.

आता आपल्या राजधानीकडे वळू. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, राजधानी झाली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बीदर येथे आणली. मराठी माणसाला हे गाव इतिहासाच्या पुस्तकाआधी दामाजीपंतांच्या कथेतून भेटते. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणारे दामाजीपंत, आणि त्यांच्यासाठी विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाच्या दरबारी रक्कम भरणारा पांडुरंग, ही कथा आपल्या आजीने आपल्याला सांगितली. पांडुरंगाचे पाय ज्या गावाला लागले असे आपली परंपरा मानते, ते हे गाव. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारीही याच शतकात, चौल बंदरी उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला आणि त्याने येथील वैभवाचे वर्णन लिहून ठेवले. त्याच्या प्रवासावर भारत आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून ‘परदेसी’ हा चित्रपट काढला होता. युरोपातून माणसे जी राजधानी पाहावयास येत, ती आपल्यापैकी कित्येकांच्या एस. टी.च्या पल्ल्यात आहे.

या राजधानीस दोन दिवस द्यावेत, आणि ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातले असावेत. पावसाळ्यात जांभा दगड शेवाळतो, आणि उन्हाळ्यातील दुपारच्या प्रकाशात साऱ्या आकृती सपाट दिसतात. छायाचित्रणात प्रकाशाची दिशा ही निम्मी विद्या आहे, म्हणून कोणती वास्तू कोणत्या दिशेस तोंड करून आहे, हे आधी समजून घ्यावे.

पहिल्या सकाळी महमूद गवानाच्या मदरशापासून आरंभ करावा. १४७२ साली बांधलेल्या या विद्यापीठाचे तोंड पूर्वेस आहे, त्यामुळे कोवळे ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडते. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चिनी फरशांचे जे तुकडे भिंतीवर टिकून आहेत, ते याच वेळी उजळतात. आधी दूर उभे राहून संपूर्ण इमारत घ्यावी, मग जवळ जाऊन मिनारावरील नागमोडी नक्षी घ्यावी. येथे दोन मिनार होते, आज एकच उभा आहे. १६९६ मध्ये, औरंगजेबाच्या काळात, येथे साठविलेल्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. म्हणून पडलेल्या बाजूचेही चित्र अवश्य घ्यावे. इराणातील गिलानहून आलेल्या आणि येथे वजीरपदास चढलेल्या महमूद गवानाला १४८१ साली एका बनावट पत्राच्या आधारे मृत्युदंड देण्यात आला. ती अर्धी भिंत पाहताना मुलांना ही हकीकत सांगावी. चित्रामागे कथा असली म्हणजे ते विसरत नाही.

तेथून गावाच्या मध्यभागी चौबारा या गोल बुरुजाजवळून किल्ल्यात जावे. सोळा खांब मशीद पूर्वेकडे उघडी असल्याने सकाळची तिरपी किरणे जाड खांबांमध्ये शिरतात, आणि खांबांच्या सावल्याच चित्र रेखाटतात. रंगीन महालातील लाकडावरील कोरीव काम आणि शिंपल्याचे जडावकाम पाहण्यास पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून जावे. तिवई लावण्यासही परवानगी लागते. फ्लॅश मात्र कोठेच वापरू नये. तो जडावावर उलटा चमकतो. दुपारी कॅमेरा मिटून ठेवावा व खडकात खोदलेला तिहेरी खंदक केवळ डोळ्यांनी पाहावा. संध्याकाळी गावाच्या पश्चिमेस अली बरीदच्या कबरीकडे जावे. ही इमारत चारही बाजूंनी खुली आहे. मावळता सूर्य कमानीतून आरपार दिसतो, आणि माणूस तेथे उभा केला तर त्याची काळी आकृती सुरेख उमटते.

दुसरा दिवस अष्टूरचा. गावापासून पूर्वेस सुमारे तीन किलोमीटरवर बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. वाटेत खलीलुल्लांची अष्टकोनी चौखंडी लागते. हुमायूनशहाच्या कबरीचा घुमट वीज पडून दुभंगला आहे, त्यामुळे घुमट आतून कसा बांधीत हे उघड्यावरच दिसते. अहमदशहाच्या कबरीत लाल, निळ्या आणि सोनेरी रंगांतील चित्रलिपी आहे. तेथील अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत थांबावे, मगच चित्र घ्यावे. या सुलतानाच्या उरुसास मुसलमान आणि हिंदू दोघेही येतात, लिंगायत मंडळी त्यास अल्लमप्रभू मानतात, आणि एक जंगम स्वामी त्यात मानाने सहभागी होतात. मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू या चारही बोली ज्या भूमीवर नांदतात, तिचे याहून बोलके चित्र दुसरे कोणते?

परततेवेळी बिदरी कामाच्या एखाद्या कारागिराकडे जावे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर छिन्नीने नक्षी खोदून त्यात चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या पाण्यात भांडे काळे करतात. चांदी मात्र काळी पडत नाही. तयार भांड्यापेक्षा कारागिराच्या हातांचे चित्र घ्यावे, परंतु त्याला विचारून, आणि पुढे ते चित्र त्याच्या हाती पोहोचवूनच.

अर्धा दिवस हाताशी उरला तर रेल्वेने कलबुर्गीस जावे. हा मार्ग २०१७ पासून सुरू आहे. तेथील किल्ल्यातील १३६७ च्या जामा मशिदीस नेहमीसारखे उघडे अंगण नाही, सारी इमारत छताखाली आहे. आत कमानीमागे कमान अशी लांबवर गेलेली रांग टिपण्यासाठी कॅमेरा छातीच्या उंचीवर धरावा आणि श्वास रोखून कळ दाबावी.

पूर्वी एका रिळात छत्तीस चित्रे मावत. प्रत्येक चित्रास पैसे पडत, म्हणून माणूस आधी पाहत असे आणि नंतर कळ दाबत असे. आता मर्यादा उरलेली नाही, ती आपणच घालून घ्यावी. माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच नियम सांगतो, की दोन दिवसांत छत्तीस चित्रे, एकही अधिक नाही. त्यांतील बारा वास्तूंची, बारा माणसांची आणि बारा मोडक्या, पडक्या, झिजलेल्या गोष्टींची. शेवटची बारा त्यांना आरंभी नकोशी वाटतात. परंतु मदरशावरील फरशांचे तुकडे ऊन, पाऊस आणि माणसाची बोटे यांमुळे पिढीगणिक कमी होत आले आहेत. १८७८ साली प्रसिद्ध झालेला बर्जेस यांचा बीदरविषयीचा अहवाल आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेला गुलाम याझदानी यांचा ग्रंथ जर नसता, तर काय होते आणि काय गेले हे आपण कशावरून ताडून पाहिले असते? त्यानंतरची पाने भरण्याचे काम सरकारी खात्याइतकेच आपलेही आहे.

आपल्या घरांच्या बाबतीत ही निकड अधिकच आहे. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, आणि जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा हे भाग एकीकडे, तर भालकी, औराद, हुमनाबाद दुसरीकडे गेले. एकाच कुटुंबाच्या दोन शाखा दोन राज्यांत राहिल्या. आज मुले आणखी दूर जात आहेत. परमुलखात जन्मलेल्या नातवाला ‘आपण बीदरकडचे’ असे सांगितले, तर त्याने डोळ्यांसमोर काय आणावे? त्यासाठी मदरशाच्या पायरीवर बसलेली आजी आणि चौबाऱ्यापाशी भाजी घेणारे आजोबा यांचे एक चित्र पुरेसे आहे.

म्हणून निवडलेल्या छत्तीस चित्रांच्या कागदी प्रती काढाव्यात. मोबाईल हरवतो, बिघडतो, बदलला जातो. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने दिनांक, जागा आणि माणसांची नावे लिहावीत, शाईने लिहू नयेत, कारण शाई पुढल्या बाजूस उतरते. एक संच घरी ठेवावा, एक परगावच्या मुलाकडे धाडावा आणि एक गावातील शाळेला द्यावा. येत्या दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील, तेव्हा त्यांना चार दिवसांपैकी दोन मागून घ्यावेत आणि पहिल्या सकाळी सूर्योदयाबरोबर मदरशाच्या दारी उभे राहावे.